मुंग्यांना नावे ठेवणारा डॉक्टर

स्वित्झर्लंडची एक हजार फ्रँकची नोट १९७८ साली नव्या रूपात चलनात आली. तिच्या एका बाजूला दाढीवाल्या डॉक्टरचे चित्र होते, तर दुसऱ्या बाजूला चक्क तीन मुंग्या. देशातल्या सर्वांत मोठ्या किमतीच्या नोटेवर राजा नाही, सेनापती नाही, मुंग्या! या डॉक्टरांचे नाव ऑग्युस्त फोरेल. मेंदूच्या रचनेचे अभ्यासक, मनोरुग्णालयाचे संचालक, दारूचे कट्टर विरोधक आणि जगभरातल्या मुंग्यांच्या सुमारे साडेतीन हजार प्रकारांचे प्रथम वर्णन करून त्यांना नावे देणारे शास्त्रज्ञ, अशा अनेक भूमिका त्यांनी एकाच आयुष्यात निभावल्या. त्यांच्या चरित्रात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सावध करणारेही आहे.

फोरेल यांचा जन्म १ सप्टेंबर १८४८ रोजी जिनिव्हा सरोवराच्या काठी, मॉर्ज गावाजवळ झाला. आई अत्यंत काळजीवाहू. मुलाला बाहेर एकटे सोडायला ती घाबरायची. त्यामुळे इतर मुलांबरोबर हुंदडणे त्याच्या वाट्याला फारसे आले नाही. मग बागेतल्या मुंग्या हेच त्याचे सवंगडी झाले. वारुळाशेजारी तासन्‌तास बसून हा मुलगा त्यांची लगबग, भांडणे, अंडी-अळ्यांची ने-आण पाहत असे. तो साधारण अकरा वर्षांचा असताना आजीने त्याला एक पुस्तक दिले. पिएर ह्युबेर या स्विस निरीक्षकाने १८१० मध्ये मुंग्यांवर लिहिलेला तो ग्रंथ होता. ह्युबेरने काही मुंग्यांचा एक विचित्र प्रकार वर्णिला होता. या मुंग्यांचे जबडे कोयत्यासारखे धारदार, लढाईत तरबेज; पण त्यांना स्वतःचे स्वतः खाताही येत नाही. दुसऱ्या जातीच्या वारुळांवर धाड घालून त्या तिथले कोष पळवून आणतात आणि त्यांतून निघालेल्या कामकरी मुंग्यांकडून घरकाम करून घेतात. ह्युबेरने अशा तीस मुंग्या मधासह, पण चाकरांविना कोंडून ठेवल्या, तेव्हा त्यातल्या अनेक मुंग्या समोर अन्न असून उपाशी मेल्या. मग एकच चाकर मुंगी आत सोडली, तर तिने उरलेल्यांना भरवायला सुरुवात केली.

हे वाचल्यावर कोणती मुंगी कोणत्या जातीची, हा प्रश्न त्या मुलासाठी नुसता नावाचा राहिला नाही. नाव कळले तर तिचे सारे वागणे कळते, हे त्याच्या लक्षात आले.

आजही उन्हाळ्यात, उबदार आणि दमट संध्याकाळी युरोपात पंखवाल्या मुंग्यांचे थवे उडतात. आपल्याकडे ते पावसाच्या सुरुवातीला दिसतात. राणी हवेत नरांशी मिलन करते, जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख मोडून टाकते आणि बिळासाठी जागा शोधत फिरू लागते. अशी एखादी राणी पकडून काचेच्या नळीत ठेवली, तर तिचे पुढे काय होणार हे ती कोणत्या जातीची आहे यावर ठरते. युरोपातली नेहमीची काळी बागमुंगी घेतली, तर तिची राणी अन्नाचा कणही न घेता पहिली पिल्ले वाढवते. उडण्यासाठी लागणारे छातीचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते विरघळतात आणि त्या पोषणावर पहिल्या अळ्या पोसल्या जातात. तिला अंधार, ओलावा आणि निवांतपणा मिळाला की पुरे. पण तिच्याच वंशातल्या दुसऱ्या एका मुंगीची राणी एकटीने घर उभारूच शकत नाही. ती काळ्या मुंग्यांच्या वारुळात शिरकाव करते, तिथल्या राणीची जागा घेते आणि तिथल्या कामकऱ्यांकडून आपली पिल्ले वाढवून घेते. या राणीला एकटीला नळीत ठेवले तर ती हमखास मरते. दोन्ही राण्या साध्या नजरेला बऱ्याच सारख्या दिसतात.

राणी ओळखणे कामकरी मुंगी ओळखण्यापेक्षा अवघड का, याचे एक सोपे उदाहरण आहे. युरोपातल्या कुरणांत एक पिवळी मुंगी असते. तिच्या कामकरी पिवळ्याधमक, पण राणी मात्र वरून गडद तपकिरी. रंगावरून ओळखायला जावे तर आई आणि मुली वेगवेगळ्या जातीच्या वाटाव्यात. म्हणून जाणकार रंगाकडे शेवटी पाहतात. आधी ती राणीच आहे ना, हे तपासायचे. छाती भरदार आहे का, तिच्यावर पंख गळाल्याच्या खुणा आहेत का, कपाळावर तीन बारीक साधे डोळे आहेत का? मग कंबर पाहायची. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन, यावरून मुंग्यांची मोठी घराणी वेगळी होतात. पोटाच्या टोकाला नांगी आहे, की आम्ल फवारण्यासाठी केसांची झालर असलेले गोल छिद्र, की नुसती चीर? मिशीला पेरे किती, जबड्याला दात किती, नडगीवर उभे केस आहेत की नाहीत? एवढे झाल्यावर लांबी मोजायची आणि सगळ्यात शेवटी रंग. पकडली कुठे आणि कोणत्या महिन्यात, हेही लिहून ठेवायचे. रुग्ण तपासताना डॉक्टर जसे चेहऱ्यावरून अंदाज न बांधता इतिहास, नाडी, छाती, पोट या क्रमाने जातात, तशीच ही पद्धत आहे. फोरेल यांच्यात हे दोन्ही अभ्यास एकत्र आले.

१८६६ मध्ये ते झुरिचला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. शिक्षण सुरू असतानाही सुट्टी मिळाली की मुंग्या सुरूच. पुढे आपल्याच वो प्रांताच्या वैद्यकीय परीक्षेत ते नापास झाले. खचून न जाता त्यांनी व्हिएन्ना गाठले आणि मेंदूतज्ज्ञ थिओडोर मायनर्ट यांच्याकडे काम करून मेंदूतील थॅलॅमस या भागावर प्रबंध लिहिला. त्याच सुमारास मुंग्यांचे काम पूर्ण होत आले होते. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या मुंग्यांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. चार्ल्स डार्विन यांनी तो वाचून त्यांना कौतुकाचे पत्र पाठवले. या ग्रंथात केवळ जातींची यादी नव्हती. मुंग्यांच्या मिशा कापून त्यांनी दाखवून दिले की मिशा गेल्या की मुंगीला आपले आणि परके ओळखता येत नाही. ज्या शत्रूवर ती एरवी तुटून पडली असती, त्याच्या शेजारी ती मुकाट बसते. म्हणजे मुंगीची ओळख डोळ्यांत नाही, वासात आहे. मुंगीच्या मेंदूत अळंबीच्या आकाराचा एक भाग असतो. तो कामकरी मुंगीत सर्वांत मोठा, राणीत लहान आणि नरात अगदीच नगण्य असतो, हेही त्यांनी नोंदवले. एकाच जातीच्या तीन रूपांत मेंदूही वेगळा, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

१८७३ ते १८७९ या काळात ते म्युनिकला बर्नहार्ड फॉन गुडेन यांच्या मनोरुग्णालयात होते. तिथे त्यांनी मेंदूचे पातळ काप करणाऱ्या यंत्रात सुधारणा घडवली आणि संपूर्ण मानवी मेंदूचे ओळीने काप काढले. मेंदूच्या मधल्या भागाचा त्यांनी केलेला अभ्यास १८७७ मध्ये आला. त्यातले काही पट्टे आजही फोरेल यांच्या नावाने ओळखले जातात. कंपवातावरील काही शस्त्रक्रियांमध्ये आजचे न्यूरोसर्जन ज्या भागात सुई नेतात, त्यात हे पट्टे आहेत.

मेंदू कापण्याचा सराव मुंग्यांच्याही कामी आला. १८७८ मध्ये त्यांनी मुंग्यांचे वर्गीकरण बाहेरच्या रूपावर न सोडता शरीराच्या आतून करून पाहिले. मुंगीच्या पोटात दोन कप्पे असतात. एका पिशवीत सगळ्या वारुळासाठीचे अन्न साठते, तिथून ते दुसऱ्या मुंगीला भरवले जाते. दुसरा कप्पा स्वतःच्या पचनाचा. या दोहोंमध्ये झडपेसारखी एक रचना असते. फोरेल यांनी ही झडप आणि विषग्रंथी यांची बारकाईने तुलना केली आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या, एक गाठीच्या कमरेच्या मुंग्यांची दोन वेगळी घराणी केली. हा भेद दीडशे वर्षांनंतरही टिकून आहे.

त्याच वर्षी एडवर्ड स्टाइनहाइल या मित्राबरोबर ते कीटक गोळा करायला दक्षिण अमेरिकेच्या दिशेने निघाले. वाटेत सेंट थॉमस बेटावर स्टाइनहाइल यांचा आजारपणात मृत्यू झाला आणि फोरेल परतले. पुढे १८८३ मध्ये त्यांनी स्टाइनहाइल यांच्या मुलीशी, एमाशी, विवाह केला.

१८७९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, फोरेल झुरिचच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयाचे संचालक आणि विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी रुग्णालयाची विस्कटलेली घडी बसवली. स्किझोफ्रेनिया हा शब्द देणारे ऑयगेन ब्लॉयलर हे त्यांचेच विद्यार्थी आणि त्या पदावरचे वारसदार. १८८७ च्या जानेवारीत फोरेल यांचा एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला. तोपर्यंत मेंदूतील तंतू एकमेकांत विणलेले सलग जाळे आहे, असे बहुतेकांचे मत होते. एखादा मज्जातंतू तोडला की त्याच्या मूळ पेशीपर्यंतच ऱ्हास होतो, पुढे पसरत नाही, असे गुडेन यांच्या पद्धतीने केलेल्या प्रयोगांत दिसले होते. यावरून फोरेल यांनी निष्कर्ष काढला, की प्रत्येक पेशी आपल्या तंतूंसह स्वतंत्र आहे; पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसून फक्त स्पर्श करतात. जवळपास याच सुमारास विल्हेल्म हिस यांनीही हेच मांडले होते. पुढे रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे भक्कमपणे दाखवले आणि १८९१ मध्ये वाल्डायर यांनी या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले. नाव ठेवणाऱ्याचे नाव झाले, याची फोरेल यांना आयुष्यभर खंत होती. जो माणूस स्वतः हजारो जिवांना नावे देत होता, त्याला नावाचे माहात्म्य नक्कीच ठाऊक होते.

बुर्गहोल्झलीतल्या खाटा दारूच्या रुग्णांनी भरलेल्या असत. बरे करून घरी सोडावे, तर काही आठवड्यांत ते परत. गावात याकोब बॉसहार्ट नावाचा एक चांभार होता. स्वतः थेंबभरही न घेणारा हा माणूस कितीतरी दारुड्यांना कायमचे सोडवत असे. प्राध्यापकाला जमत नाही ते चांभाराला कसे जमते, हे फोरेल यांनी त्यालाच विचारले. त्याने सरळ सांगितले, की तो स्वतः पीत नाही आणि डॉक्टर पितात, एवढाच फरक आहे. फोरेल यांना हे लागले, पण पटलेही. त्यांनी स्वतः दारू पूर्ण सोडली. १८८९ मध्ये एलिकॉन इथे दारूमुक्तीचे केंद्र उघडले, तेव्हा त्याचा कारभार त्यांनी कोणा डॉक्टरकडे न देता बॉसहार्टकडे सोपवला. आज व्यसनमुक्तीच्या कामात व्यसनातून बाहेर पडलेल्यांना आणि न पिणाऱ्या सोबत्यांना जे स्थान आहे, त्याची पूर्वखूण या घटनेत दिसते.

दिवसभर रुग्ण आणि रात्री मुंग्या, असा त्यांचा दिनक्रम असे. जगभरातून खोक्यांत भरलेल्या मुंग्या त्यांच्याकडे येत. त्यात आपल्या पुण्याचाही मोठा वाटा आहे. रॉबर्ट रॉटन हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य. त्यांनी पुण्यातून आणि इतर ठिकाणांहून गोळा केलेल्या मुंग्या फोरेल यांच्याकडे पाठवल्या. १८९२ पासून भारत आणि श्रीलंकेच्या मुंग्यांवरची फोरेल यांची लेखमाला मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकात, फ्रेंच भाषेत, प्रसिद्ध होऊ लागली. रॉटन यांच्या नावाने त्यांनी कितीतरी मुंग्यांचे बारसे केले.

यातल्या एका बारीक मुंगीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुण्याहून आलेल्या या मुंगीचे नर बिनपंखाचे, दिसायला थेट कामकरी मुंगीसारखे होते. मुंग्यांच्या नरांना पंख असतात, हा सर्वसाधारण नियम. त्यामुळे ही काहीतरी अगदीच वेगळी मुंगी आहे असे मानून १८९० मध्ये फोरेल यांनी तिच्यासाठी नवा वंशच निर्माण केला. पण आणखी तुलना केल्यावर ती आधीच माहीत असलेल्या एका वंशातली निघाली, आणि दोन वर्षांत त्यांनी स्वतःच नवा वंश मागे घेतला. नर, राणी आणि कामकरी ही तिन्ही रूपे एकाच वारुळातून मिळाल्याशिवाय छातीठोकपणे बोलू नये, हा धडा यातून मिळतो. मुंग्यांच्या बाबतीत फोरेल हा धडा पाळत. नमुना कमी असेल तर तसे लिहीत आणि चूक दिसली की दुरुस्त करत.

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांनी ही सावधगिरी पाळली नाही. मनोविकार, व्यसन आणि गुन्हेगारी हे रक्तातून उतरतात आणि अशा लोकांना मुले होऊ नयेत, असे त्यांचे ठाम मत झाले. १८९० च्या दशकात बुर्गहोल्झलीत काही रुग्णांवर मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करण्यात आल्या. कारण वैद्यकीय दाखवले गेले तरी हेतू सामाजिक होता, हे फोरेल यांच्याच लेखनातून स्पष्ट होते. माणसांच्या वंशांमध्ये उच्च-नीच असल्याची विधानेही त्यांनी केली. हेच फोरेल स्त्रियांना समान हक्क मिळावेत म्हणून लिहीत होते, युद्धाला विरोध करत होते. त्यामुळे ते दुष्ट होते असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. चांगल्या हेतूने काम करणारा, हुशार, प्रामाणिक डॉक्टर इतका चुकू शकतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. मुंगीचे नाव ठरवायला ते मिशीची पेरे मोजत. माणसाला नालायक ठरवायला मात्र खानदानात कोणी पीत होते एवढे ऐकणे त्यांना पुरेसे वाटले. दारिद्र्य, आजार, कुपोषण, घरातली मारहाण ही कारणे तपासून वेगळी करण्याचा प्रयत्न झाला नाही. चुकीच्या नावाने मुंगीचे काही बिघडत नाही, आणि नाव नंतर बदलता येते. माणसावरची शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही.

या विचारांचे वारे पुढे दूरवर गेले. फोरेल यांच्या जन्मप्रांतात, वो इथे, १९२८ मध्ये मनोरुग्णांच्या सक्तीच्या नसबंदीला परवानगी देणारा कायदा झाला. युरोपातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. १९३३ मध्ये नाझी जर्मनीने तसाच कायदा केला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. ते पाहायला फोरेल हयात नव्हते.

१८९८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी संचालकपद सोडले आणि उरलेला वेळ प्रवास, लेखन आणि मुंग्यांना दिला. १९०५ मध्ये लैंगिक प्रश्नांवरचे त्यांचे पुस्तक गाजले. साठी ओलांडल्यावर त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मेंदूच्या कोणत्या भागात काय बिघडले असेल, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? त्यांनी डाव्या हाताने लिहायला शिकून घेतले. मुंग्यांच्या समाजजीवनावरचा त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ १९२१ ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या झटक्यानंतर. यव्होर्न गावातल्या त्यांच्या घराचे नावही वारूळ असेच होते. तिथेच २७ जुलै १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंगीची जात ओळखण्याचा आणि आरोग्याचा संबंध आजही आहे. रुग्णालयांत आढळणारी जेमतेम दोन मिलिमीटरची पिवळसर फेरो मुंगी जखमांच्या पट्ट्यांपर्यंत, सलाइनच्या नळ्यांपर्यंत पोहोचते आणि जंतू वाहून नेते. तिच्या एका वारुळात अनेक राण्या असतात. नेहमीचे कीटकनाशक फवारले तर वारूळ फुटते, राण्या पांगतात आणि एकाची चार ठिकाणे होतात. तिच्यासाठी सावकाश काम करणारे विषारी आमिषच ठेवावे लागते. उलट अग्निमुंगीला नांगी असते, आणि तिच्या दंशाने काहींना जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होते. दोन्ही मुंग्यांच्या कमरेला दोन गाठी. इथे फरक कळण्यासाठी मिशीची पेरेच मोजावी लागतात. फेरो मुंगीच्या मिशीचे टोक तीन पेरांनी जाड झालेले असते, तर अग्निमुंगीचे दोन.

फोरेल यांचा मुंग्यांचा संग्रह आज जिनिव्हाच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात आहे. टाचणीवर टोचलेली मुंगी, खाली चिठ्ठी, तिच्यावर गावाचे आणि गोळा करणाऱ्याचे नाव. भारतातल्या एखाद्या राणीच्या जातीबद्दल वाद झाला तर अभ्यासक आजही तिथल्या नमुन्याशी ताडून पाहतात. बुर्गहोल्झलीतल्या ज्या रुग्णांवर त्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांचे म्हणणे मात्र त्या वेळी कोणी नीट लिहून ठेवले नाही. १९९८ मध्ये हजार फ्रँकची नवी नोट आली, तिच्यावर फोरेल नव्हते. त्यांच्या कामाची चर्चा आता दोन्ही अंगांनी होते, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ती दोन्ही अंगे वाचायला हवीत.